दहा मिनिटं चालतं आणि मरतं: बोटीच्या इंजिनाने मला शिकवलेली तपासणी फी

या वेळच्या व्हिडिओत पाण्याच्या ड्रममध्ये उभं केलेलं बोटीचं इंजिन तुम्ही पाहिलं असेल. औंढ्यासारख्या ठिकाणी, समुद्रापासून इतक्या लांब, बोटीचं इंजिन कुठून आलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असणारच. व्हिडिओत दुरुस्ती दाखवली. पण त्या इंजिनाने माझ्या धंद्याची एक सवय कशी बदलली, ते सांगायला वेळ पुरला नाही. ते इथे लिहितो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महाशिवरात्रीची यात्रा संपली होती, गावातली गर्दी ओसरली होती आणि दुकानात काम कमी होतं. माझं दुकान म्हणजे फवारणी पंप, गवत कापायची मशीन, पाण्याची छोटी पेट्रोल इंजिनं, यांची दुरुस्ती आणि स्पेअर. एक दिवस दुपारी टेम्पोतून बापलेक आले. सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारे. टेम्पोत गोणपाटात गुंडाळलेलं आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. सेकंड हँड, मुंबईकडून आणलेलं.

पोरगा म्हणाला, "सर, दहा मिन्टं झकास चालतंय, न मग मरतंय. जरा थांबलं की परत चालू व्हतंय. परत दहा मिन्टानं तेच."

मी तोवर फवारणी पंपाची शेकड्याने इंजिनं उघडली होती. मनात म्हटलं, यात काय वेगळं आहे? तेच टू-स्ट्रोक, तेच कार्बोरेटर, फक्त खाली पंखा. बंद पडतंय म्हणजे कार्बोरेटरमध्ये कचरा. इंजिन ठेवून घेतलं. कार्बोरेटर उघडला, जेट साफ केले, नवीन किट टाकलं, दोन्ही प्लग बदलले. ड्रममध्ये पाणी भरून वीस मिनिटं चालवून पाहिलं. घड्याळासारखं चाललं. १,८५० रुपये घेतले आणि पाठीवर थाप मारून पाठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत दोघं दारात उभे. आदल्या दिवशी संध्याकाळी जाळं टाकायला गेले, पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. वारा सुटलेला. बोटीत एकच वल्हं. थांबायचं, दोरी ओढायची, थोडं जायचं, परत बंद. शेवटी अंधार पडल्यावर नुसतं वल्हवत काठाला लागले. जाळं तिथंच राहिलं.

पोरगा काही बोलेना. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "भाऊ, इंजन धुतलंव मात्र लई चांगलं. आता चालू बी करून द्या."

ते वाक्य मला आजही आठवतं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

या वेळी मी त्यांनाच सांगितलं, टाकी आणि नळीसकट सगळं उतरवा. मागच्या वेळी मी फक्त इंजिन ठेवून घेतलं होतं आणि माझ्या दुकानातल्या टाकीवर चालवलं होतं. आता त्यांची टाकी जोडली. सात-आठ मिनिटं चाललं आणि मेलं. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या मध्ये एक रबरी बल्ब असतो, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा. तो बल्ब चपटा होऊन बसला होता, जसं रिकामं टेट्रापॅक आपण स्ट्रॉने ओढतो तसा. मी टाकीचं झाकण सैल केलं. फस्स आवाज आला, बल्ब फुगला, इंजिन एका दोरीत चालू.

आऊटबोर्डच्या वेगळ्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. टेम्पोतून नेताना पेट्रोल सांडू नये, वास येऊ नये म्हणून तो घट्ट करायचा आणि पाण्यावर गेल्यावर सैल करायचा. पोरगं घट्ट करत होतं, सैल करायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेट्रोल निघून जातं, त्या जागी हवा शिरत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि इंजिन उपाशी मरतं. थोडं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून परत चालू होतं. त्याने पहिल्याच दिवशी मला अचूक लक्षण सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

१,८५० रुपयांच्या कामाची खरी किंमत शून्य रुपये होती. एक स्क्रू, दोन आटे.

मी सगळे पैसे परत केले. प्लगचे तरी ठेवा, म्हणून माझा पोऱ्या कानात सांगत होता, कारण प्लग तर नवीन टाकले होते. बीबीएला असताना या प्रसंगावर मी परीक्षेत आठ मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे, ग्राहकाची नाराजी कशी हाताळावी म्हणून. त्यात कुठेही लिहिलं नव्हतं की नाराज ग्राहक रात्री पाण्यावर अडकू शकतो. फवारणी पंप बंद पडला तर माणूस बांधावर बसतो. बोटीचं इंजिन बंद पडलं तर तो पाण्यात असतो. या धंद्यात उतरायचं असेल तर हा फरक आधी डोक्यात बसवा.

आपल्याकडे हे काम आहे तरी किती?

खरं सांगतो, थोडं आहे. पूर्णा नदीवर वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खाली आपल्या तालुक्यात सिद्धेश्वर, ही दोन धरणं १९६८ पासूनची. मासेमारी होते, पण धरणांवर बहुतेक जण अजून वल्ह्यावर नाहीतर तराफ्यावर जातात. इंजिन घेणारा विरळा. माझ्याकडे वर्षभरात येणारी आऊटबोर्ड हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून औंढ्यात किंवा हिंगोलीत कुणी फक्त बोट इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकतो म्हणाला, तर मी त्याला हात जोडून थांबवेन.

पण छोट्या इंजिनाचं दुकान आधीच असेल तर हे काम त्याला छान जोडता येतं. नव्वद टक्के हत्यारं तीच. आणि पाण्याच्या जवळ राहणाऱ्यांना, म्हणजे इसापूर, जायकवाडी, उजनी या धरणांच्या काठावर किंवा तापोळा-बामणोलीकडे जिथे पर्यटकांच्या बोटी चालतात तिथे, गणित बदलतं. मालवण-तारकर्लीला तर हा पूर्णवेळ धंदा आहे. तिकडे खारं पाणी असतं, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून गोडं पाणी फिरवावं लागतं, नाहीतर आतल्या वाटा मिठाने आणि गंजाने बुजतात. आपल्याकडे मीठ नाही, गाळ आहे.

दुसरा ग्राहक म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला लोकांना बाहेर काढणाऱ्या रबरी बोटी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यांच्या मागे हेच इंजिन असतं. अशी बोट वर्षातले दहा महिने गोदामात उभी असते आणि उभं राहणं हाच इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून डिंकासारखं होतं, रबर कडक होतं. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा जातो. बचाव पथकं, मासेमारी संस्था, विसर्जनाला बोट ठेवणारी मंडळं, यांच्याकडे मे महिन्यात स्वतःहून जा. पावसाळ्याआधी तपासून देतो म्हणा. सरकारी काम असेल तर बिल उशिरा निघतं, त्यामुळे स्पेअरचे पैसे आगाऊ मागायला लाजू नका. मी एकदा लाजलो होतो, त्याचे सात महिने व्याज मीच भरलं.

तपासायचा क्रम

आता मूळ कामाकडे. मी मार खाऊन जो क्रम बसवला तो असा आहे की फुकटाचं आधी बघायचं, स्वस्ताचं नंतर आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा.

सगळ्यात आधी लाल दोरी. आऊटबोर्डला एक लाल दोरीची क्लिप असते, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची. माणूस पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. क्लिप जागेवर नसेल तर कितीही दोरी ओढा, प्लगला करंट येणार नाही. या एका कारणाने माझ्याकडे इंजिनं आलेली आहेत. मग गिअर. न्यूट्रलला नसेल तर बऱ्याच इंजिनांची दोरी ओढलीच जात नाही, मुद्दाम तशी सोय केलेली असते. लोक जोर लावून दोरी तोडतात.

नंतर इंधन. इथे थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक उत्तरं इथेच सापडतात. त्या रबरी बल्बकडे मी आता डॉक्टर नाडीकडे बघतो तसा बघतो. त्याच्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे असला पाहिजे. उलटा जोडलेला बल्बही पाहिला आहे. दाबत गेलं की तो कडक व्हायला हवा. चालता चालता बल्ब चपटा होत असेल तर अडचण बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला: हवेचा स्क्रू बंद, नाहीतर टाकीतली जाळी तुंबलेली. दाबून दाबूनही कडक होतच नसेल तर कुठून तरी हवा ओढतोय, नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधली रबरी रिंग बघा, किंवा बल्बचा आतला व्हॉल्व्ह गेलाय. बल्ब दगडासारखा कडक आहे पण इंजिन उपाशी आहे, तर तुंबलंय पुढे, फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या सुईपाशी. आणि कुणीतरी बल्ब दाबत राहिल्यावरच इंजिन चालत असेल, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम थकलेला असू शकतो. चार लक्षणं, चार जागा, आणि अजून एकही स्क्रू उघडलेला नाही.

कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच तर एक विनंती. जेटमध्ये तार घालू नका. आपल्याकडे सगळे घालतात, मीही घालायचो. पितळेचं भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. क्लीनर मारा, हवा मारा, उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघा. चोक ओढल्यावरच चालतं, चोक सोडला की मरतं, किंवा हळू वेगाला टिकत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा छोटा जेट तुंबलेला असतो.

करंट. प्लग काढा, नाकाला लावा, डोळ्याला लावा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे इंधन पोचतंय, पेटत नाहीये. कोरडा म्हणजे इंधनच येत नाही, मागे जा. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही प्लग शेजारी ठेवून बघा. एक काळा-ओला आणि एक तपकिरी असेल तर इंजिन एकाच सिलिंडरवर ओढतंय. करंट बघताना प्लग बॉडीला नीट टेकवा आणि आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या. हे मी गमतीने सांगत नाही.

कॉम्प्रेशन गेजने बघायला पाच मिनिटं लागतात. गेज मी नऊशेला घेतला होता, फवारणी पंपालाही चालतो. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक किती आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आसपास ठीक. एकीकडे ११० आणि दुसरीकडे ७० आला तर ग्राहकाला तिथेच बसवून सांगा की हे काम मोठं आहे, रिंग-पिस्टनपर्यंत जाईल, तुम्ही घरी विचारून या. इंजिन उघडून झाल्यावर सांगितलेला खर्च आणि उघडण्याआधी सांगितलेला खर्च, आकडा तोच असला तरी ग्राहकाला तो एकच वाटत नाही.

पाण्याची धार

फवारणी पंपाचं इंजिन हवेवर थंड होतं. आऊटबोर्ड पाण्यावर. खालच्या गिअरबॉक्सच्या वर रबराचा पाकळ्यांचा एक चाकासारखा भाग असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो नदीचं पाणी ओढून वर इंजिनाकडे ढकलतो. पाणी फिरतंय याची खूण म्हणून इंजिनाच्या बाजूने बारीक धार बाहेर पडते. चालवणाऱ्याने दर थोड्या वेळाने मागे वळून ती धार बघायची. धार बंद झाली की इंजिन लगेच बंद करायचं. काठापर्यंत जाऊ द्या म्हणाल तर पिस्टन धरतो.

म्हणूनच हे इंजिन कोरडं चालवायचं नाही. "फक्त चालू होतंय का बघू" म्हणूनही नाही. इम्पेलरच्या रबराला पाण्याचंच वंगण असतं, कोरडं फिरलं की काही सेकंदात ते घासून जळायला लागतं. दोनशे लिटरचा जुना ड्रम कापून घ्या, इंजिन मजबूत लाकडावर अडकवा आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली राहील इतकं पाणी ठेवा. पंखा काढून ठेवला तर उत्तम, हात सुरक्षित आणि पाणीही उडत नाही. दुकानाच्या आत नाही, बाहेर मोकळ्यात, धूर वाईट असतो. हळू वेगावरच चालवा.

धार बारीक झाली तर आधी बाहेरच्या भोकात मऊ तार किंवा नायलॉनचा धागा फिरवा. आपल्या धरणांत पावसाळ्यात गाळाचं पाणी येतं, काठाला चिखल असतो, भोक बुजलेलं निघतं आणि काम तिथेच संपतं. नाही संपलं तर इम्पेलर. खालचा भाग बोल्ट काढून उतरवताना गिअरची दांडी आधी सोडवावी लागते, ती विसरून खेचाखेची करणारे खूप. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा आत कुठेतरी अडकलेला आहे, तो सापडल्याशिवाय जोडू नका. नवीन बसवताना पाकळ्या फिरायच्या दिशेप्रमाणे वळलेल्या हव्यात आणि बारीक चावी पडून हरवू नये म्हणून खाली कापड अंथरा. मी ग्राहकाला वर्षा-दोन वर्षांनी इम्पेलर बदला असं सांगतो, चांगला दिसला तरी.

आता पंखा. इंजिन जोरात ओरडतंय पण बोट पुढे जात नाही, अशी तक्रार आली तर इंजिनाला हात लावू नका. छोट्या इंजिनात पंख्याला एक मऊ पिन असते. पंखा दगडावर, झाडाच्या बुंध्यावर आपटला की ती स्वतः तुटते आणि गिअर वाचवते. धरणात बुडालेली झाडं असतात, त्यामुळे ती तुटणारच. लोक तिच्या जागी लोखंडी खिळा टाकतात. पुढच्या धडकेला खिळा तुटत नाही, गिअर तुटतो. वीस-तीस रुपयांच्या पिना मी ग्राहकाला सुटीत चार देतो आणि बोटीत पाना ठेवायला लावतो. मोठ्या इंजिनांत पिनेऐवजी पंख्याच्या मध्ये रबर असतं, ते घसरायला लागलं की हेच लक्षण दिसतं.

मासेमारीच्या बोटीत आणखी एक चोर असतो, तो म्हणजे जाळ्याचा नायलॉन धागा. तो पंख्याच्या मागे दांडीला गुंडाळत जातो आणि तापून ऑइल सील कापतो. मग गिअरबॉक्समध्ये पाणी. खालचा स्क्रू थोडा सैल करून ऑइल बघायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलं आहे, सील बदला. नवीन ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावायचा, नंतर खालचा. दर काही दिवसांनी पंखा काढून धागा साफ करायची सवय त्या मामांना लावायला मला एक वर्ष लागलं.

पेट्रोल आणि ऑइल

दुचाकीचं टू-टी ऑइल बोटीला चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. मी नाही म्हणतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनासाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं ऑइल येतं, ते जळल्यावर राख ठेवत नाही. दुचाकीच्या ऑइलची राख प्लगवर आणि रिंगमध्ये बसते. महाग आहे, आपल्याकडे मिळत नाही, मागवावं लागतं. मीच चार लिटर मागवून सुटं मापून विकतो आणि त्यात दोन पैसे सुटतात. प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात बघा. पन्नासास एक असेल तर दहा लिटर पेट्रोलला २०० मिली. रॉकेलवर चालणाऱ्या मॉडेलचं आणि नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या तासांचं प्रमाण वेगळं असतं.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने ठेवली की तळाशी पाणी-इथेनॉलचा थर बसू शकतो आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरल्यावर बोट बंद ठेवणारे लोक आहेत, त्यांना मी सांगतो: शेवटच्या दिवशी नळी काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ड्रममध्ये चालवा, टाकीतलं पेट्रोल गाडीत टाकून संपवा. ही दहा मिनिटं त्यांचा कार्बोरेटर वाचवतात. माझं काम कमी होतं, हो. पण तोच माणूस मग फवारणी पंप घेऊन माझ्याकडेच येतो.

इंजिन पाण्यात पडलं तर? ते पाण्याबाहेर काढून उन्हात वाळवत ठेवू नका. हवा लागली की आत गंज सुरू होतो. त्याच दिवशी प्लग काढून, दोरी ओढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल सोडायचं आणि चालू करायचं. दोरी अडकत असेल तर जबरदस्ती नको.

तपासणी फी

त्या १,८५० रुपयांनंतर मी दुकानात एक कागद लावला: तपासणी ३०० रुपये, काम दिल्यास बिलातून वजा. बोट इंजिनाला ५००, कारण ड्रम भरायचा, टाकी जोडायची, अर्धा तास चालवायचं. पहिले दोन महिने लोक चिडले. "नुसतं बघायचे तीनशे?" एकजण तर पंप उचलून समोरच्या दुकानात गेला.

आधी मी बघायचे पैसे घेत नव्हतो, म्हणजे माझी कमाई फक्त पार्ट बदलण्यात होती. म्हणजे दोष सापडो न सापडो, काहीतरी बदलल्याशिवाय मला घरी पैसे नेता येत नव्हते. मी मुद्दाम कुणाला फसवलं नाही, पण त्या दिवशी कार्बोरेटरकडे माझा हात इतक्या लवकर का गेला, याचा विचार केला तेव्हा उत्तर आवडलं नाही. हवेच्या स्क्रूचं बिल होत नाही. कार्बोरेटर किटचं होतं. फी लावल्यावर स्क्रू सैल करून ग्राहकाला परत पाठवणं मला परवडायला लागलं.

सोबत एक पावती छापली. वर ग्राहकाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत. "दहा मिन्टं चालतंय न मग मरतंय", असंच लिहायचं, "कार्ब. प्रॉब्लेम" नाही. मग काय काय तपासलं, काय आढळलं, काय बदललं, जुना पार्ट परत दिला का. आणि तळाशी एक ओळ: ग्राहकाच्या टाकीवर किती मिनिटं चालवलं. कामाला ठेवलेल्या पोरालाही यामुळे क्रम पाळावाच लागतो. एखादी ओळ रिकामी दिसली की इंजिन बाहेर जात नाही.

नवशिक्यांनी सगळं अंगावर घेऊ नये. नवीन फोर-स्ट्रोक, इंजेक्शनची, कॉम्प्युटर लावून तपासायची मोठी इंजिनं मी घेत नाही. साधनं नाहीत, तसं स्पष्ट सांगतो आणि कंपनीच्या डीलरकडे पाठवतो. प्रवासी बोटीची इंजिनं घेतो, पण बोटीला परवानगी आहे का, जॅकेट आहेत का, हे विचारतो. ती चौकशी आगाऊपणा वाटते काहींना. वाटू दे.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत बोट बनवणारे आणि जाळी विणणारे आहेत, इंजिन दुरुस्ती नाही, त्यामुळे त्या आशेवर फॉर्म भरत बसू नका. ग्राहक मच्छीमार असेल तर त्याला प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेबद्दल मत्स्य विभागात चौकशी करायला सांगा. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती मला फार आवडते. आऊटबोर्ड इंजिनाचा धंदा ज्याच्या नावाने मोठा झाला तो ओले एव्हिनरूड, नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला मेकॅनिक. तळ्यावर सहलीला गेलेला असताना आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, तिथून ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९०९ मध्ये त्याने इंजिन विकायला सुरुवात केली. पण तो मेकॅनिकच. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिरात ही बाजू त्याची बायको बेस सांभाळायची. आमच्या दुकानातही पावतीवरची शेवटची ओळ रिकामी असेल तर बिल न बनवायचा नियम बायकोने केलेला आहे, मी नाही.

ते मामा आणि त्यांचा पोरगा गेल्या मे महिन्यात परत आले होते. इम्पेलर बदलायचा होता. टाकी सोबत आणली होती, न सांगता. झाकणावरच्या स्क्रूला लाल कापडाची चिंधी बांधलेली. पोरगा म्हणाला, घट्ट असला की चिंधी झाकणाखाली दाबायची आणि पाण्यावर गेलं की बाहेर काढायची, म्हणजे लांबून दिसतंय. मी ड्रम भरला, त्यांची टाकी लावली. पंचवीस मिनिटं चाललं. पावतीवर तसं लिहिलं आणि पाचशे रुपये बिलातून वजा केले.